चार तारांची सवत

आमच्या काळेवाडीच्या घरात आईला एक सवत होती. मोठ्या पोटाची, लांब मानेची. बाबा कंपनीतून आले की हातपाय धुऊन आधी तिच्याकडे जायचे, चहा मागाहून. सवत हा शब्द माझा नाही बरं, आईचाच. शेजारणींना ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची, आमच्यात दोन बायका हायेत, एक रांधते आणि दुसरी नुसती घुमते.

ती होती बेस गिटार. विजेवर चालणारी नव्हे, पोकळ लाकडाची. नेहमीच्या गिटारीपेक्षा अंगाने थोराड, आणि सहाऐवजी चारच तारा, त्याही जाडजूड. गल्लीतली पोरं विचारायची, काका, दोन तारा तुटल्या का? बाबा म्हणायचे, नाही रे, काटकसर केली. त्यांच्या कंपनीतला एक गोव्याचा वेल्डर कायमचा गावी निघाला, तेव्हा बाबांनी त्याला आपली सायकल दिली आणि ही घेतली. त्या दिवसापासून बाबा कंपनीत पायी जायला लागले. आईचं यावर ठरलेलं वाक्य होतं, लोक सायकलवर बसवून बायको आणतात, यांनी सायकल देऊन आणली.

बाबा गायन पार्टीत वाजवायचे. पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, बँजो, दोन गाणारे, आणि कडेला लोखंडी खुर्चीवर बाबा. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की महिनाभर घरात त्यांचे फक्त कपडे दिसायचे. स्टेजवर त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. ढोलकीवाल्यावर लोक नोटा ओवाळायचे, बाबांवर कधी कुणी ओवाळली नाही. पण एकदा त्यांना मध्येच ठसका लागला आणि ते थांबले, तर गाणाऱ्यासकट सगळ्यांनी वळून पाहिलं. तेवढ्यावर माझे बाबा पुढचा आठवडाभर खूश होते.

घरी ते रियाज करायचे तेव्हा मांडणीवरची ताटं थरथरायची. एका विशिष्ट सुराला एक परात तर अशी किणकिणायची की आई स्वयंपाक सोडून उठायची, तिच्याखाली फडकं सारायची आणि परत पोळपाटापाशी बसायची. मी जमिनीवर पालथी पडून अभ्यास करायचे. तो आवाज फरशीतून पोटात यायचा. आज मला बाबांचा चेहरा आठवायला फोटो लागतो, पण तो पोटातला आवाज मात्र कशाशिवायही आठवतो, आणि आठवला की अजून गलबलतं.

आणखी एक गोष्ट होती. गिटारीच्या वरच्या कडेला, जिथे वाजवताना उजवा हात टेकतो, तिथे पॉलिश पार उडालं होतं. तळहाताएवढी जागा. शिफ्ट करून आलेला, घामाचा, साबणानेही न गेलेल्या ऑइलचा हात वर्षानुवर्षं तिथे घासला होता. बाकीचं लाकूड गुळासारखं लालसर आणि ती जागा तेवढी काळपट, गुळगुळीत. लहानपणी मी तिथे गाल लावून बघायचे. बाबा ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, ऊठ, मला हात ठेवायला जागा नाही.

मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी बाबा काविळीने गेले. भाऊ तेव्हा अंगणवाडीत होता. शेंडेफळ तो, माझ्याहून खूप लहान. पार्टीतली माणसं भेटायला आली, चहा झाला, आणि मग एकाने चाचरत विचारलं, वहिनी, गिटार पार्टीला द्याल का, त्यांची आठवण म्हणून वाजत राहील. आई म्हणाली, ती तुटली. धडधडीत खोटं. गिटार आतल्या खोलीत गोधडीत गुंडाळून ठेवलेली होती. नंतर ती माळ्यावर गेली आणि घरातून तो विषयच गेला. कुणी नाव काढलंच तर आई भांडी आपटायला लागायची. सवत ना, असं मी मनात म्हणायचे आणि गप्प बसायचे.

मध्ये किती काळ गेला म्हणता! माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून बंगळुरूला गेली. मी रावेतला राहायला आले. भावाने चिखलीला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलं आणि चांगलं चालवलं. गेल्या वर्षी काळेवाडीच्या घराचा स्लॅब गळायला लागला म्हणून माळा रिकामा करावा लागला. पिंपं निघाली, पाळणा निघाला, आणि मागून गोधडीसकट ती. भाऊ म्हणाला, हे काय आहे गं? मी त्याच्या हातातून ती अशी ओढून घेतली की तो बघतच राहिला. माझ्या घरी नेते, एवढंच म्हणाले. आईने ऐकलं. ती पिंपं मोजत बसली.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, मुलीला क्लास लावलाय का? मी म्हटलं, नाही, माहेरचं माणूस आहे. बाई पुढच्या मजल्यावरच उतरल्या.

घरी आणून उघडली आणि माझं तोंडच उतरलं. वरच्या लाकडाला लांब चीर. तारा ज्या लाकडी पट्टीला अडकतात, तिला घोडी म्हणतात, ती एका बाजूने उचललेली. मान वाकलेली, खुंट्या गंजून घट्ट झालेल्या. कुणी बनवली ते सांगणारा कागद आत चिकटवलेला असायचा, तो झुरळांनी फस्त केलेला. पण ती काळपट जागा होती. मी दिवसाउजेडी, भरल्या घरात, खाली बसून तिला गाल लावला. नवऱ्याने पेपर खाली करून पाहिलं आणि परत वर केला. शहाणा माणूस आहे.

मला एकच पाहिजे होतं. तो आवाज एकदा, पोटात, पुन्हा. दुसरं काही नको.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. केसाएवढी फट दिसली तरी माल परत पाठवणारी बाई म्हणून सगळी लाइन मला शिव्या घालते. आता घरात तोच उद्योग सुरू झाला. घोडी कुठे किती उचललीय ते मी फट मोजायच्या फीलर गेजच्या पात्या सारून बघायचे. खुंट्या रॉकेलमध्ये बुडवून, टूथब्रशने घासून मोकळ्या केल्या. एकीचं चक्र झिजलं होतं, ते टूलरूमच्या लोकांना वडापाव चारून बनवून घेतलं. ते म्हणाले, मॅडम, एकदा तरी काहीतरी रिजेक्ट न करता घ्या. चीर आणि घोडी मात्र माझ्या आवाक्यातली नव्हती. चिंचवडला पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांच्याकडे दिली. त्यांनी सरस लावून दोन्ही चिकटवलं, मान सरळ केली, आणि फोन केला की वाळून तयार आहे, घेऊन जा, तारा तेवढ्या चढवा.

नेमकी माझी दुसरी शिफ्ट. भाऊ म्हणाला, ताई, मी आणतो, दसऱ्याला आईकडे जमणारच आहोत, तिथेच घेऊन येतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, बघा, शेवटी रक्ताचं नातं.

आमच्याकडे, म्हणजे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत, खंडेनवमीच्या आधी काय चालतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शॉप मोठं असो की टपरीएवढं, सगळी मशिनं धुवायची, घासायची आणि रंगवायची. कंप्रेसर रंगवतात, जॅक रंगवतात, ट्रॉल्या रंगवतात, ज्या स्टुलावर बसून रंगवलं ते स्टूलही शेवटी रंगवतात. जुनं, डागाळलेलं म्हणून त्या दिवशी शॉपमध्ये काही दिसता कामा नये. मग रांगेत सगळ्याला झेंडू, हळदकुंकू, लिंबू, आणि साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना पेढे. आमच्या घरी दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरे कपडे आणि खीर. पण गॅरेजात भाऊ खंडेनवमी सगळ्या कामगारांबरोबर जोरात करतो. तो म्हणतो, हत्याराला कुठला धर्म.

दसऱ्याच्या सकाळी मी काळेवाडीला पोचले. भाऊ आधीच आला होता, पांढऱ्या शर्टात, एकदम खुशीत. पलंगावर चादर झाकून ठेवलेली. म्हणाला, डोळे मिट. मी मिटले. मग म्हणाला, उघड.

काय सांगू! टकाटक मरून रंगाची, मेटॅलिक, आरशासारखी चमकणारी एक वस्तू. मानेला झेंडूची माळ, पोटावर हळदकुंकवाची बोटं. गॅरेजमधल्या पोरांनी तिचीही रांगेत पूजा केली होती. भाऊ सांगत होता, आधी वॉटर पेपरने पूर्ण घासली, सगळे डाग काढले, मग पुट्टी, प्रायमर, रंगाचे तीन हात आणि वर लॅकर, मोठ्या गाडीला मारतो तोच, दहा वर्षं हलणार नाही. हात टेकायच्या जागेवर मी बोट फिरवलं. घसरत गेलं. मी पोटावर टिचकी मारली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज आला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, इथे तर मारुतीचीच नवी गाडी झाली होती.

"हे काय करून ठेवलंस?" मी म्हटलं.

"नवी झाली ना, ताई."

मग मी जे बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. सणाच्या दिवशी, पांढऱ्या साडीत, दार उघडं ठेवून बोलले. तो डाग नव्हता, तो बाबांचा हात होता, तू बाबांचा हात घासून काढलास, असं बरंच. शेजारची बाई खिरीसाठी वेलदोडे मागायला आली होती, ती उंबऱ्यातूनच परत गेली. आई आत होती. भांड्यांचा आवाज येत नव्हता.

भाऊ सगळं ऐकून घेत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मला कुणी सांगितलं होतं? तुला बाबा आठवतात, ताई. मला फक्त भिंतीवरचा फोटो आठवतो. मला वाटलं, आपण त्यांच्यासाठी पहिल्यांदा काहीतरी करतोय."

हे ऐकून मी विरघळले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला वाईट वाटलं, पण डोक्यातली तिडीक गेली नाही. खीर न खाता, ती झेंडूची माळ काढून फेकून, गिटार उचलून मी रिक्षाने रावेत गाठलं. तारा चढवून पाहिल्या. काहीच नव्हतं. बादलीवर हात मारावा तसा थड् थड् आवाज. बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ती ठेवली. दिवाळीत भावाने फराळ पाठवला, मी डबा धुऊन परत पाठवला, रिकामा. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. त्याला कळायचं ते कळलं.

आणि तरी रोज कंपनीच्या बसमध्ये त्याचंच वाक्य डोक्यात यायचं. खरंच कुणी सांगितलं होतं त्याला? आईने भांडी आपटली आणि मी तोंड शिवलं. बाबा मी एकटीने जपून ठेवले, कुणाला हातही लावू दिला नाही. तो बिचारा दुसऱ्यांच्या बापाच्या गोष्टी ऐकत मोठा झाला. माझ्याकडे निदान हुरहुर लागायला काहीतरी होतं. त्याच्याकडे तेही नव्हतं.

मी फोन करणार करणार म्हणत राहिले, आणि एका रविवारी सकाळी तोच दारात. हातात खरवडायच्या पात्या, काचेचे तुकडे, जुनी फडकी. चपला काढता काढता म्हणाला, वरच्या लाकडावरचा रंग काढला तर आवाज मोकळा होईल, चिंचवडच्या काकांना विचारून आलोय. पण हीट गन लावायची नाही, सरस सुटेल. केमिकल नाही. हाताने काढायचा. मी म्हटलं, चहा घेणार का? तो म्हणाला, घेणार. झालं, एवढ्यावर भांडण मिटलं. भावंडांचं असंच असतं.

त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही बाल्कनीत बसून रंग खरवडला. लॅकर, मरून रंग, करडा प्रायमर, पिवळी पुट्टी. तो खरवडायचा, मी भुगा पुसायचे, आणि पुसता पुसता बाबा सांगायचे. सायकलीची गोष्ट. काटकसरीच्या दोन तारा. ठसका. कार्यक्रमाहून येताना ते भजी आणायचे आणि आमच्यासाठी म्हणून आणलेली निम्मी वाटेतच संपवायचे. भाऊ हात थांबवून विचारायचा, मग? मग काय म्हणाले? उंच होते का? माझ्यासारखे हसायचे का? चाळिशीला आलेला माणूस, स्वतःच्या बापाची ओळख करून घेत होता.

खालचं लाकूड दिसायला लागलं तेव्हा मी वेड्यासारखी ती जागा शोधली. उन्हात धरली, ओलं फडकं फिरवलं. काही नाही. सगळीकडे एकसारखं, कोरं, पांढुरकं. वॉटर पेपरने काम चोख केलं होतं, भाऊ कामाला पक्का आहे.

पुसटसं तेल लावून, काही दिवस मुरू देऊन आम्ही तारा चढवल्या. मोबाइलवर बघून सूर लावले. सगळ्यात जाड तार मी अंगठ्याने छेडली आणि बाल्कनीच्या फरशीतून माझ्या मांड्यांत, पोटात काहीतरी शिरलं. मी रडले. तोच आवाज होता का? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तारा नव्या, लाकूड घासलेलं, कान पन्नाशीचे. जवळचाच कुणीतरी होता, बाबांच्या नात्यातला. पण ते स्वतः नव्हते. हे मला त्याच क्षणी कळलं आणि फार वाईट वाटलं. भाऊ विचारत होता, आला? आला का, ताई? मी म्हटलं, आला.

मागच्या रविवारी आम्ही ती काळेवाडीला नेली. दुपारची वेळ, आई जमिनीवर मेथी निवडत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि परत मेथी. भाऊ पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने गिटार मांडीवर घेतली. त्याला वाजवता येत नाही, शिकायचंही नाही. त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं. म्हणाला, "ताई, नेमका कुठे होता गं त्यांचा हात?"

मी पटकन म्हटलं, इथे, आणि त्याचा हात धरून ठेवला. मग वाटलं, नाही, जरा खाली. मग वाटलं, मागे होता. मी हात सरकवला, परत सरकवला. भाऊ विश्वासाने माझ्याकडे बघत होता. ज्या जागेसाठी मी त्याला सणाच्या दिवशी वाट्टेल ते बोलले, ती मला दाखवता येत नव्हती. लाकडावर होती तोवरच ती माझ्याजवळ होती. म्हटलं, अरे, इथेच कुठेतरी.

आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली, पदराला हात पुसले. मला म्हणाली, सरक. मी सरकले. तिने भावाचं कोपर दोन्ही हातांनी धरलं, उचललं, थोडं पुढे ओढून गिटारीच्या कडेवर टेकवलं. मनगट सैल सोडायला लावलं. गिटारीची मान वर उचलली, मग त्याचा डावा खांदा दाबून खाली केला. जराही अडखळली नाही. रोज सकाळी कणीक मळावी तशा सवयीने तिचे हात चालत होते. मग तिने त्याची हनुवटी धरून चेहरा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला, जिथे तिचा पोळपाट असायचा.

"तिकडं बघ," ती म्हणाली. "हाताकडं बघत नव्हते ते."

भावाने बोट उचललं, तार छेडणार होता. आईने त्याचं बोट मुठीत धरलं.

"वाजवू नको, लेकरा. आसंच बस जरा."

तो बसला.